पायाखालची करकर

गाडीची समोरची काच बसवताना आत बसलेल्या माणसाला हलता येत नाही. बाहेरचा जोडीदार काचेला चिकटणाऱ्या रबरी वाट्यांच्या मुठींनी काच उचलून आणतो, चौकटीवर टेकवतो, आणि आतला दोन्ही तळवे लावून ती केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवतो. एकदा चौकटीवरच्या चिकट सीलंटला टेकली की हयगय नाही. धरेपर्यंत हात उचलायचे नाहीत, शिंक आली तरी गिळायची. ठोक्या असा दोन्ही हात वर करून, शरण आल्यासारखा बसलेला असताना गाडीच्या रेडिओवर त्याच्याच बँडचं नवं गाणं लागलं. गाडीचा मालक रेडिओ तसाच चालू ठेवून बाहेर फोनवर कुणाशी तरी हुज्जत घालत होता. निवेदिका आधी लाडात येऊन काहीबाही बोलली. म्हातारे परत आलेत असं म्हणायचं होतं, ते तिने ‘दिग्गज’ हा शब्द घालून म्हटलं. मग मास्तरची गिटार सुरू झाली, तिच्यामागून घोगऱ्याचा आवाज, आणि सगळ्यांच्या खाली, पोटातून आल्यासारखे, ठोक्याचे स्वतःचे ड्रम. बंद गाडीत गाणं फार जवळ येतं, अंगाला घासतं. ठोक्याला पहिल्यांदा वाटलं ते एवढंच, की बरं वाजतंय. बरं काय, झकास वाजतंय. या वयात, या मनगटानं. त्याला हसूही आलं. मग दुसऱ्या कडव्यानंतर सगळी वाद्यं एकदम थांबली आणि नुसता पायाचा मोठा ड्रम उरला. रिकाम्या खोलीत कुणी चालत यावं तसे चार ठोके. आणि प्रत्येक ठोक्याच्या केसभर आधी एक करकर ऐकू आली.

“ढकलतोस काय लेका?” बाहेरून जोडीदार ओरडला. “काच घसरतेय.”

ठोक्याने हात सैल केले. काच बसली. पण त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तळव्याचे ठसे आतल्या बाजूला राहिले आणि गिऱ्हाइकाने ते बोट करून दाखवले.

ती करकर त्याला ठाऊक होती. घरातल्या माणसाचा खोकला ठाऊक असतो तशी. तरुणपणी एका बंद पडलेल्या हॉटेलच्या वाद्यवृंदाकडून त्याने पायाच्या ड्रमचं पेडल सेकंडहँड घेतलं होतं. त्याची बिजागरी पाय दाबला की करकरायची. पहिला अल्बम त्यांनी गालिच्यांच्या गोदामात रेकॉर्ड केला, कारण गालिचे आवाज खातात आणि गोदामाचा मालक मुक्याचा मामा होता. मुक्या म्हणजे त्यांचा बास वाजवणारा. तो बोलत नसे असं नाही, पण त्याच्या बोलण्याने कुणाचं काही अडत नसे. रेकॉर्डिंग करणारे म्हातारे गृहस्थ दर टेकनंतर वैतागायचे. “अरे त्याला दोन थेंब तेल घाल रे बाबा. माझी टेप खराब करतोय तुझा पाय.” आणि घोगऱ्या, त्यांचा गाणारा, तेव्हा काठीसारखा बारीक, म्हणायचा, “राहू दे काका. आपण चौघं आहोत, तो पाचवा.” राहिली. चौघं एका खोलीत, एका वेळी, कानात मोजणी नाही, काही नाही; गाणं चालत सुरू व्हायचं आणि पळत संपायचं, कारण ठोक्याला थांबता येत नसे आणि बाकीच्यांना त्याच्यामागे धावावं लागे. पुढे त्या अल्बमवर लोकांनी बरंच लिहिलं, त्यात ती करकरही आली. कुणी तर तिला काळाचा दात म्हटलं. दात कसला, सडलेली बिजागरी होती. पुढे ते पेडल मधोमध मोडलं आणि घर बदलताना भंगारात गेलं. ठोक्याने स्वतःच्या हाताने दिलं. आताचं पेडल मांजराच्या पावलांचं आहे, त्याला आवाजच नाही. मग गाडीत जी वाजली ती कुठून आली?

दुकानाच्या मागच्या खोलीत, सीलंटच्या खोक्यांवर बसून, त्याने फोनवर गाणं पुन्हा लावलं. म्हणजे नियम मोडला. रेकॉर्ड झालं की आपण ऐकायचं नाही, अल्बम बाजारात जाईपर्यंत कुणीच ऐकायचं नाही, हा त्या चौघांचा गोदामातल्या दिवसांपासूनचा नियम. तेव्हा तो मस्तीतून आला होता, की आपण काय ऐकायचं, जगाने ऐकावं. नंतर ती नुसती सवय राहिली आणि शेवटी श्रद्धा झाली. मधले दोन अल्बम वाईट निघाले तरी तो पाळला गेला. खरं तर ते वाईट निघाले हे त्यांना सगळ्यांत शेवटी कळलं ते त्याच्यामुळेच. या खेपेलाही एक गाणं आधी सोडलं होतं, बाकीचा अल्बम पुढच्या आठवड्यात जायचा होता, आणि ठोक्याने शहाण्यासारखे कान बंद ठेवले होते. आता त्याने ते चार ठोके पुन:पुन्हा ऐकले. करकर आणि ठोका, करकर आणि ठोका. चारही अगदी एकसारखे. माणसाचा पाय दोनदा सारखा पडत नाही, हे पायाने पोट भरणाऱ्याला सांगावं लागत नाही. पहिल्या अल्बममध्ये प्रत्येक करकर वेगळी होती. एक लांब, एक तुटकी, एक नुसता सुस्कारा. ही मात्र एकच होती. कुठली, तेही त्याला कळलं: पहिल्या अल्बमच्या तिसऱ्या गाण्याची सुरुवात, सगळे गप्प असताना त्याने मारलेला पहिला ठोका. तो एकच ठोका कापून घेऊन सबंध नव्या गाण्यात पेरला होता. मग वरचे, हातांनी वाजवायचे ड्रम? त्याने कानात बोळे घातल्यासारखा फोन दाबून धरला. वरचेही तिथलेच. त्याचा आत्ताचा हात त्या गाण्यात कुठेच नव्हता. एका विशीतल्या पोराने वाजवलं होतं आणि वाहवा हा खाऊन बसला होता.

कारण सकाळीच बायकोने पेपर वाचून दाखवला होता. पेपरवाल्यांना अल्बम आधी मिळतो. कोणी एक समीक्षक होता, तो नव्या अल्बमची पहिल्याशी तुलना करत होता, आणि तुलना म्हणजे काय, पहिल्याच्या चपलेने दुसऱ्याला बडवणं. शब्द थकलेत, गिटार शहाणी झालीय, आवाजात इस्त्री केल्यासारखा सपाटपणा आलाय. “आणि इथे तुमच्याबद्दल लिहिलंय हो,” ती म्हणाली होती, आणि चष्मा वर सारून मोठ्याने वाचलं होतं, की या अल्बममध्ये एकच गोष्ट म्हातारी झालेली नाही, ती म्हणजे ड्रमवाल्याचा राग. ठोक्याने तेव्हा “लिहितात काहीही” असं म्हणून टोस्टचा तुकडा मोडला, पण दिवसभर तो आतून फुगला होता. जोडीदारालाही सांगून झालं होतं. आता खोक्यावर बसून त्याला त्या फुगण्याची शिसारी आली. कुणी आपल्या घरात शिरून आपलंच कपाट फोडावं आणि वर पोलिसांनी आपलंच कौतुक करावं, असं काहीतरी झालं होतं, आणि कपाटाची किल्लीही त्यानेच दिली होती. खरंच दिली होती. त्या अल्बमची मूळ टेप, जिच्यात गालिच्यांच्या आडोशांमुळे प्रत्येक वाद्य वेगवेगळं आलं होतं, इतकी वर्षं त्याच्याच माळ्यावर होती. स्टुडिओतला इंजिनिअर, सभ्य, हळू बोलणारा माणूस, म्हणाला होता, “सर, टेप सडतात, मी जपून उतरवून ठेवतो.” ठोक्याने ती चादरीत गुंडाळून, स्वतः मांडीवर घेऊन नेऊन दिली होती.

आणि या वेळचं रेकॉर्डिंग तरी काय होतं? चौघं एकदाही एका खोलीत आले नाहीत. दाताच्या डॉक्टरकडे जातात तशा तारखा घेऊन प्रत्येकाने एकेकट्याने जाऊन वाजवलं. ठोक्या पहिला गेला. काचेपलीकडे इंजिनिअर, कानात ताल मोजणारी यंत्राची टिकटिक, आणि ती टिकटिक म्हणजे सुनेच्या घरी राहणं. एकही पाऊल आपलं नाही. उजवं मनगट तिसऱ्या गाण्यापासून भरून आलं. काचा उचलून उचलून बोटांची पेरं सुजलेली, काठी धरली की मूठ पूर्ण मिटत नाही. त्याला ठाऊक होतं की आपण टिकटिकीच्या मागे पडतोय. घोगऱ्या काचेपलीकडे बसला होता. तो अंगठा वर करून म्हणाला होता, “जबरदस्त. एकदम तेव्हासारखं.” आणि ठोक्याने ते खरं मानलं. या वयात माणूस कौतुक तपासून घेत नाही, खिशात टाकतो.

घरी आल्यावर त्याने बायकोला काही सांगितलं नाही. तिला घडी घालायला चादरीची दोन टोकं धरून देताना एकदम विचारलं, “मी तेव्हा कशावर चिडलेला असायचो गं?”

“तेव्हा म्हणजे?”

“पहिला अल्बम केला तेव्हा.”

तिने चादर झटकली. “सगळ्यावर. भाजी खारट, तरी चिडायचात. अळणी, तरी. बस चुकली म्हणून बसथांब्याला लाथ मारली होतीत, आठवतं? अंगठा सुजला होता.”

“पण का?”

“मला काय ठाऊक. मी विचारायला घाबरायचे.” ती हे इतक्या सहज म्हणाली की त्याच्या हातातलं टोक सुटलं. तिने ते उचलून पुन्हा त्याच्या हातात दिलं. “नीट धरा. आता काय झालं त्याचं?”

“हल्ली वाजवतो तेव्हा नाही वाटत तुला भीती?”

“हल्ली? हल्ली तुम्ही सराव करता आणि मला पलीकडच्या खोलीत छान झोप लागते.”

तिने ते बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं. त्याला ते काठीसारखं लागलं. नंतर बराच वेळ तो खिडकीशी बसून तिसऱ्या गाण्याची ती दुपार आठवत राहिला. गालिच्यांचा धुळकट, लोकरीचा वास आठवला. म्हाताऱ्याचा हात टेपच्या बटणावर, घोगऱ्याचा शर्ट पाठीला चिकटलेला, मुक्या नेहमीसारखा बुटांकडे बघतोय. सगळं आठवलं, पण तो ठोका मारताना आपण कुणावर संतापलो होतो ते काही केल्या आठवेना. बापावर असेल, तो तेव्हा बोलत नसे. नोकरी नाकारणाऱ्या त्या टकल्यावर असेल. की कुणावरच नाही, नुसती ताकद होती आणि ती कुठेतरी आपटायची होती? समीक्षक ज्याच्यापुढे गुडघे टेकून बसला होता, त्या रागाला ना तोंड होतं ना पत्ता. आणि त्या रागाच्या आड एक बाई घाबरून भाजीत मीठ घालत होती, हे त्या टेपवर कुठे ऐकू येत नव्हतं. आपण त्या पोराला आज भेटलो असतो तर आवडला असता का आपल्याला? ठोक्याला वाटलं, नसता. कानफटीत मारली असती. आणि तरीही त्या पोराने वाजवलेलं ऐकून आज दुपारी आपल्याला हसू फुटलं होतं.

रविवारी दुपारी तो स्टुडिओत गेला. फोनवर घोगऱ्याला एवढंच म्हणाला होता, “मी ऐकलंय. त्या दोघांनाही बोलाव.” घोगऱ्याने काय ऐकलंस असंही विचारलं नाही, तेव्हाच सगळं कळलं. तिघंही येऊन बसले होते. मास्तर, जो आयुष्यभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झाला, तो भिंतीकडे बघत होता. मुक्या बुटांकडे. घोगऱ्या सोफ्यात रुतून बसला होता, आता चांगला जाडजूड, गळ्याला मफलर.

“किती जणांना माहीत होतं?” ठोक्याने विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. म्हणजे सगळ्यांना.

“म्हणजे मीच एकटा गाढव.”

“अरे, तुझाच हात आहे तो,” घोगऱ्या म्हणाला. “दुसऱ्या कुणाचा भाड्याने आणला का आम्ही? तुझाच ड्रम, तुझाच पाय. चोरी कसली त्यात?”

“माझा आहे तर मला का नाही विचारलं?”

“विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास?”

“नाही.”

“मग?”

“मग नाही म्हणालो असतो, साल्या. त्यासाठीच विचारतात.”

इंजिनिअर खुर्ची फिरवून हळूच म्हणाला, “सर, चूक माझी. बिजागरीचा आवाज काढून टाकायला हवा होता. तो चांगला वाटला म्हणून ठेवला.” त्याला खरोखरच वाटत होतं की तक्रार आवाजाची आहे. मास्तरला हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात घालवलं.

“मला एक गाणं पुन्हा करायचंय,” ठोक्या म्हणाला. “हेच. चौघांनी, एका खोलीत, टिकटिक नाही. ते अल्बममध्ये जाईल. नाहीतर माझं नाव काढा, आणि त्या पोराचं घाला.”

घोगऱ्याने मफलर सोडला, पुन्हा बांधला. “करूया,” तो म्हणाला. पण ते ‘करूया’ इतकं बारीक होतं की ठोक्याने त्याच्याकडे बघितलं.

खोलीत चौघं मावेनात. मास्तरची खुर्ची ड्रमला टेकत होती, मुक्याला दारात उभं राहावं लागलं. ठोक्याने चार मोजून सुरुवात केली. पहिल्या काही ओळींतच त्याला कळलं की हे जड आहे. मनगट भरतंय, काठी हातात फिरते आहे. पूर्वी अशा वेळी तो पुढे पळायचा. आता पळता येत नव्हतं म्हणून त्याने ऐकलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला घोगऱ्याचा श्वास ऐकू आला. ओळ संपायच्या दोन शब्द आधी तो संपत होता, आणि घोगऱ्या उरलेले शब्द नुसते ओठांनी, रिकाम्या खिशातून काढल्यासारखे काढत होता. ठोक्याने पुढचा ठोका किंचित अडवून धरला. घोगऱ्याने श्वास घेतला. पुढच्या ओळीलाही तसंच. वाट बघायची, तो आला की मारायचं. मास्तरनेही मान न वळवता ते पकडलं, मुक्यानेही. गाणं हळू झालं, आणखी हळू झालं, चौघं जिना उतरताना एकमेकांचा दंड धरून उतरावेत तसं, आणि संपलं. मुक्या म्हणाला, “बरं वाटलं,” आणि मुक्या बोलला म्हणजे ते खरंच असणार.

मग काचेपलीकडे जाऊन त्यांनी ते ऐकलं. वाजवताना जे होतं ते स्पीकरमधून अर्धंच आलं. ठोक्याचा ड्रम मऊ, उशिरा पडणारा, एके ठिकाणी चक्क चुकलेला. त्याने मनाची तयारी केली होती, त्याला ते पचलं. तो म्हणणारच होता की राहू दे, हेच जाऊ दे, हे निदान आपलं आहे. पण त्याची नजर घोगऱ्यावर गेली. घोगऱ्या उभा होता, टेबलाची कड धरून, आणि स्पीकरकडे असा बघत होता जसं डॉक्टर एक्स-रे दिव्यासमोर धरतो तेव्हा माणूस बघतो. प्रत्येक ओळीच्या शेवटी त्याचा आवाज फाटत होता, गळून पडत होता, आणि त्या रिकाम्या जागेत एक म्हातारा धापा टाकताना साफ ऐकू येत होता. रेडिओवर लागलेल्या गाण्यात हे कुठेच नव्हतं. इस्त्री, असं तो समीक्षक म्हणाला होता.

“याचा आवाज दुरुस्त करता येईल ना?” ठोक्याने इंजिनिअरला विचारलं. “माझं राहू दे, आवाज तेवढा.”

“नाही सर. तुम्ही चौघं एका खोलीत होतात, म्हणजे यांच्या माइकमध्ये तुमचे ड्रम आलेत. आवाज हलवला की ड्रम हलणार. आता सगळं असंच ठेवावं लागेल, नाहीतर पहिल्यासारखं.”

ठोक्याला वाटलं घोगऱ्या गयावया करेल, किंवा जुन्या सवयीने एखादी शिवी हासडेल आणि गोष्ट हसण्यावारी नेईल. त्याने यातलं काही केलं नाही. नुसतं टेबल धरून उभा राहिला. ठोक्याला आता कळलं की ते ‘एकदम तेव्हासारखं’ काचेपलीकडून का आलं होतं. या माणसाने त्याचा हात झाकला तो दया म्हणून नाही. एकाचं उघडं पडलं तर सगळ्यांचं पडेल, म्हणून. आणि सगळ्यांचं म्हणजे याचं. गळा हे काही मनगट नव्हे. माणसं मनगटाकडे बघत नाहीत. चौघांत पोस्टरवर चेहरा एकाचाच होता आणि तो आत्ता इथे उघडा उभा होता.

ठोक्याला राग आला होता, खरा, तोंड आणि पत्ता असलेला. हे एक गाणं बाहेर जावं असं त्याला फार वाटत होतं. यात तो होता, आणि यात तो पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकत होता. हे असंच आणखी दोनदा, चारदा केलं असतं तर कदाचित काहीतरी शिकलोही असतो असं वाटत होतं. तीस वर्षं आधी ऐकायला लागलो असतो तर. त्याने मास्तरकडे बघितलं. मास्तर निवृत्त माणसासारखा, निकाल दुसऱ्याने लावायचा आहे अशा चेहऱ्याने बसला होता.

“पहिलंच जाऊ दे,” ठोक्या म्हणाला. “हे पुसून टाक.”

“पुसू?” इंजिनिअरने विचारलं. “सर, जपून ठेवतो की. नंतर...”

“नको. जपून ठेवलेलं काय होतं ते बघितलंय मी. पूस.”

इंजिनिअरने घोगऱ्याकडे बघितलं. घोगऱ्याने मान हलवली नाही, पण डोळे मिटले, आणि इंजिनिअरने बटण दाबलं. पुसण्याला आवाज नसतो.

बाहेर ऊन उतरलं होतं. मास्तर आणि मुक्या चालत गेले, मुक्या काहीतरी सांगत होता आणि मास्तर ऐकत होता. ठोक्याने घोगऱ्याला गाडीत घेतलं, कारण घोगऱ्या हल्ली गाडी चालवत नसे. दोघं बसले. ठोक्याने चावी लावली, पण फिरवली नाही. समोरून एक बाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन रस्ता ओलांडत होती. ती ओलांडून जाईपर्यंत दोघं तिच्याकडेच बघत राहिले.

“रागावलास?” घोगऱ्याने विचारलं.

“हो.”

“किती?”

ठोक्याने खरंच शोधून बघितलं. हात तपासले, छाती तपासली, पाय ब्रेकवर दाबून बघितला.

“पूर्वीइतका नाही,” तो म्हणाला.

घोगऱ्याने मफलर नाकापर्यंत ओढला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

“तेवढा गाण्याला पुरला नसता रे,” तो म्हणाला.